घरी शिकणाऱ्या मुलांना रोमचा इतिहास कसा शिकवावा?

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमचा इतिहास आपल्याकडील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना शिकवण्यात काही अर्थ आहे काय, आणि तो घरच्या घरी शिकवता येतो काय, असे प्रश्न पालकांकडून पुष्कळदा विचारले जातात. दीर्घ आजार, आई-वडिलांच्या वारंवार होणाऱ्या बदल्या, क्रीडा किंवा संगीत यांची साधना, अथवा पालकांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय, अशा निरनिराळ्या कारणांनी काही मुले शाळेबाहेर राहून शिक्षण घेत असतात. गणित आणि विज्ञान यांसाठी शिकवणीची व्यवस्था केली जाते; इतिहास मात्र परीक्षेच्या तोंडावर पाठ करावयाचा विषय म्हणून मागे पडतो. अशा मुलांचे पालक, त्यांना मार्गदर्शन करणारे शिक्षक आणि गावोगावच्या ग्रंथालयांचे चालक यांना उपयोगी पडावी, अशी काही माहिती या लेखात देण्याचे योजिले आहे. उदाहरणादाखल वडोदरा शहरातील सयाजीगंज हा भाग निवडला आहे. तसे करण्यास सबळ कारण आहे.

राजवाड्यातील वर्ग

सयाजीगंज हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) हे स्वतः घरी शिकलेले विद्यार्थी होते. त्यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळराव. मल्हारराव गायकवाड यांना १८७५ साली पदच्युत करण्यात आल्यानंतर, खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी बारा वर्षांच्या या मुलास लिहिता-वाचता येत नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. एलियट या सनदी अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक होऊन राजवाड्यातच वर्ग सुरू झाला. आप्तांपैकी बरोबरीची काही मुलेही त्या वर्गात असत. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी या भाषांसह इतर विषयांचे अध्ययन सहा वर्षे चालले. राज्यकारभाराच्या तत्त्वांवर दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना व्याख्याने दिली. डिसेंबर १८८१ मध्ये कारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

या कथेचा पुढचा भाग आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील प्रचंड ग्रंथ १७७६ ते १७८८ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला होता. सयाजीरावांनी त्याचे वाचन करून टिपणे काढली आणि ती ‘फ्रॉम सीझर टू सुलतान’ या नावाने १८९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेल्या मुलाने तेहतिसाव्या वर्षी रोमच्या इतिहासावर स्वतःचे टिपणपुस्तक सिद्ध करावे, ही घटना घरी शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उशिरा सुरुवात झाली म्हणून विद्या हुकत नाही. मात्र तिला नियमितपणा, चांगले मार्गदर्शन आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत उतरवण्याची सवय यांची जोड लागते.

याच राज्यकर्त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला व १९०६ साली तो संपूर्ण बडोदे संस्थानात लागू केला, हेही येथेच सांगितले पाहिजे. घरातील शिक्षण त्यांना लाभले. पण प्रजेच्या प्रत्येक मुलास राजवाडा आणि एलियट लाभणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. घरी शिकवण्याचे नाव सांगून मुलीला घरकामास किंवा मुलास मजुरीस जुंपणे म्हणजे शिक्षण नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या अधिनियमाने मान्य केलेला आहे. अधिकाऱ्यांनी व ग्रामस्थांनी या दोन गोष्टींतील फरक डोळसपणे पाहावा.

रोम आपल्या पायाखाली

रोमचा इतिहास शिकवताना सामान्यतः रोम्युलस व रेमस या जुळ्या भावांच्या दंतकथेपासून प्रारंभ करतात. ती कथा सांगण्यास हरकत नाही. पण आपल्या मुलांसाठी याहून जवळची वाट उपलब्ध आहे. सयाजीगंजच्या जवळून विश्वामित्री नदी वाहते. तिच्या काठी अकोटा म्हणून जो भाग आहे, तेथे प्राचीन काळी अंकोट्टक ही वसाहत होती. तेथील अवशेषांत इरॉस या ग्रीक-रोमन प्रेमदेवतेची आकृती असलेली एका कांस्यपात्राची मूठ मिळाली आहे. भूमध्य समुद्राकाठी घडलेले हे पात्र विश्वामित्रीच्या काठी कसे आले, हा एकच प्रश्न मुलांपुढे ठेवला, तरी पुढील सहा महिन्यांच्या अभ्यासास पुरेसा आहे.

त्याचे उत्तर शोधताना मुले प्रथम भडोचला पोहोचतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास, ग्रीक भाषा बोलणाऱ्या ईजिप्तमधील एका अनामिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे समुद्रप्रवासाचे माहितीपुस्तक सुदैवाने शिल्लक आहे. भडोचचे नाव त्यात बारुगाझा असे येते. नर्मदेच्या मुखाशी भरतीचा लोंढा किती धोकादायक असतो, राजाच्या सेवेतील कोळी आपल्या होड्या घेऊन परदेशी गलबतांना वाट दाखवण्यासाठी कसे पुढे जातात, याचे वर्णन त्यात आहे. इटलीची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी येथे उतरत. हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी व सुगंधी द्रव्ये येथून जात. पैठण हे भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लेखक सांगतो. या गावांचा माल बिकट रस्त्यांनी गाड्यांवर लादून भडोचला येई.

या लेखी पुराव्यास महाराष्ट्राच्या भूमीने दुजोरा दिला आहे. कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४ ते १९४६ च्या सुमारास मिळालेल्या वस्तूंत पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती होती. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. नेवासे येथील उत्खननात मद्य व तेल वाहून नेण्याच्या रोमन कुंभांचे तुकडे निघाले. तेर येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयातील वस्तू पाहिल्या म्हणजे सातवाहनकालीन व्यापारी गावाचे जीवन डोळ्यांपुढे उभे राहते. रोमन नाण्यांच्या मातीत केलेल्या नकलाही दख्खनमधील प्राचीन स्थळी आढळल्या आहेत. काहींना दोरा ओवण्यासाठी भोक आहे. परदेशी राजाचा मुखवटा आपल्याकडील माणसे दागिना म्हणून गळ्यात घालीत होती, असे त्यावरून दिसते. उलट दिशेने, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेर व भोकरदन येथील हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य विद्वानांनी दाखवले आहे.

पुरावा पारखण्याची सवय

एवढी ओळख झाल्यावर मुलांना इतिहासाचे खरे काम शिकवता येते. ते काम म्हणजे पुरावा पारखणे. शाळेत चाळीस मुले असतात. एकाने शंका काढली की दुसरा उत्तर देतो. घरी ती सोय नसते. म्हणून पुस्तकात छापलेले सर्व खरे, अशी समजूत घरी शिकणाऱ्या मुलाची सहज होऊ शकते. रोमचा इतिहास या दोषावर चांगले औषध आहे, कारण त्याची साधने विपुल आहेत आणि ती परस्परांशी भांडतातही.

उदाहरणार्थ, रोम जळत असता सम्राट नीरो फिडल वाजवीत होता, ही गोष्ट सर्वतोमुखी आहे. आग इसवी सन ६४ मध्ये लागली. फिडल हे वाद्य त्या काळी अस्तित्वातच नव्हते. टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो की, आग लागली तेव्हा नीरो अँटियम या गावी होता. परत आल्यावर त्याने निराश्रितांसाठी आपली उद्याने खुली केली. मात्र त्या वेळी तो गात होता अशी अफवा पसरली होती. टॅसिटस हा त्या सुमारास लहान बालक होता आणि त्याने हे कित्येक वर्षांनी लिहिले, हेही मुलांना सांगावे. मग ‘यांतील काय निश्चित, काय संभवनीय, काय ऐकीव?’ असे तीन रकाने वहीत पाडून मुलाला ते भरू द्यावेत.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. भारताच्या व्यापारापायी साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स इतके धन बाहेर जाते, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने केली आहे. हा आकडा त्याने कोठून आणला? तो हिशेबनीस होता, की चैनीवर टीका करणारा नीतिवादी? भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांवरून त्यास कितपत बळ मिळते? अशा प्रश्नांची एकच एक उत्तरे नाहीत, आणि ते मुलांना मोकळेपणाने सांगावे.

सयाजीगंजातील ‘काळा घोडा’ म्हणून प्रसिद्ध असलेला सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळाही या धड्यास उपयोगी आहे. राज्यकर्त्यास घोड्यावर बसवून धातूत घडवण्याची प्रथा रोमन लोकांत रूढ होती. सम्राट मार्कस ऑरेलियस याचा तसा पुतळा रोममध्ये आजही आहे. मध्ययुगात इतर सम्राटांचे पुतळे वितळवले गेले. हा मात्र पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याचा आहे, अशा चुकीच्या समजुतीमुळे वाचला. शिल्लक राहिलेला पुरावा हा योगायोगाने शिल्लक राहिलेला असतो, ही गोष्ट मुलांना याहून चांगल्या रीतीने समजावता येणार नाही.

काय शिकवावे, काय वगळावे

सम्राटांची नामावली पाठ करून घेण्याने काही साधत नाही. चार मोठे प्रश्न घेऊन त्यांभोवती अभ्यास उभारावा.

पहिला प्रश्न : राजा नको असलेल्या लोकांनी राज्य कसे चालवले? परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी ५०९ मध्ये रोमन लोकांनी राजसत्ता संपवली. दरवर्षी दोन कॉन्सल निवडले जात, म्हणजे एकावर दुसऱ्याचा वचक राही. सामान्य जनांनी झगडून आपले ट्रिब्यून मिळवले आणि अन्यायकारक हुकूम रोखण्याचा अधिकार त्यांना प्राप्त झाला. मात्र मतदानात धनिकांच्या गटांना झुकते माप होते, आणि स्त्रिया व गुलाम यांना मत नव्हते. आपल्या ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाचे मत सारख्याच मोलाचे असते. ही तुलना मुलाने स्वतः ग्रामसभेस उपस्थित राहून करावी.

दुसरा प्रश्न : जमीन कोणाची? हा भाग ग्रामीण कुटुंबांतील मुलांना सर्वांत लवकर समजतो. दीर्घ युद्धांत शेतकरी सैन्यात गुंतले, सार्वजनिक जमिनी धनिकांच्या ताब्यात गेल्या आणि त्यांवर गुलाम राबू लागले. इसवी सनापूर्वी १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने कायदा केला की, सार्वजनिक जमिनीपैकी पाचशे युगेरा, म्हणजे सुमारे ३१० एकर, यांहून अधिक जमीन कोणी बाळगू नये व उरलेली भूमिहीनांना वाटावी. त्याच वर्षी विरोधकांनी त्याला व त्याच्या कित्येक अनुयायांना ठार केले. धाकटा भाऊ गायस याने ते कार्य पुढे चालवले. इसवी सनापूर्वी १२१ मध्ये त्याचाही अंत झाला. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा १९६१ साली झाला. दोहोंत साम्य कोणते व भेद कोणता, याची चर्चा घरातील वडीलधाऱ्यांसह करावी. रोमन कायदा सार्वजनिक जमिनीपुरता होता, आपला कायदा खाजगी धारणेसही लागू आहे, हा भेद मुलाने स्वतः शोधून काढला तर उत्तमच.

तिसरा प्रश्न : लोकशाही संस्था जिवंत दिसत असता सत्ता एका हाती कशी जाते? ज्युलियस सीझरचा वध इसवी सनापूर्वी ४४ मध्ये झाला. इसवी सनापूर्वी २७ मध्ये ऑगस्टस हा सर्वसत्ताधीश झाला. सीनेट होती, निवडणुका होत्या. निर्णय मात्र एकाचा होता. या ठिकाणी शिक्षकाने घाई करू नये.

चौथा प्रश्न : एवढे साम्राज्य टिकले कसे आणि मोडले कसे? रस्ते, कायदा, कर, सैन्य आणि नागरिकत्व ही त्याची अंगे होत. इसवी सन २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र प्रजाजनांना नागरिकत्व देण्यात आले. पश्चिमेकडील अखेरचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला. पूर्वेकडील साम्राज्य मात्र १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल ऑटोमन तुर्कांच्या हाती पडेपर्यंत टिकले. सयाजीरावांच्या पुस्तकाच्या नावात सीझर व सुलतान एकत्र आले आहेत, त्याचा अर्थ येथे उलगडतो.

रोजचा अभ्यास

आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पाऊण तास, असा क्रम सहा महिने ठेवला तर वरील चारही प्रश्न सावकाश पुरे होतात. एक दिवस वाचनाचा, एक दिवस नकाशा व टिपणाचा आणि एक दिवस चर्चेचा असावा. टिपण करताना पुस्तक मिटवून ठेवावे आणि एका पानापेक्षा अधिक लिहू नये. जे आठवत नाही ते समजलेले नसते, असे धरून तेवढाच भाग पुन्हा वाचावा. ‘पेरिप्लस’चे विल्फ्रेड शॉफ यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातील भडोचविषयीचे उतारे मुलाने मराठीत उतरवावेत. भाषा व इतिहास या दोन्ही विषयांचा अभ्यास एकाच वेळी होतो.

लहान लहान गोष्टींनीही गोडी वाढते. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या महिन्यांच्या नावांचे मूळ अर्थ सातवा, आठवा, नववा, दहावा असे आहेत. सप्त, अष्ट, नव, दश या आपल्या शब्दांशी त्यांचे नाते उघड दिसते. रोमन वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई, हे कळले म्हणजे बारावा महिना ‘दहावा’ का म्हणवतो, याचा उलगडा होतो. जुलै व ऑगस्ट हे ज्युलियस सीझर व ऑगस्टस यांची नावे वागवतात. संस्कृत ‘दीनार’ हा शब्दही रोमन ‘डिनेरियस’ या नाण्यावरून आलेला आहे.

वस्तुसंग्रहालयास भेट देताना सारे दालन एका फेरीत पाहण्याचा मोह टाळावा. सयाजीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. तेथील ईजिप्शियन ममी पाहण्यास मुले गर्दी करतात. इसवी सनापूर्वी ३० मध्ये ईजिप्त रोमच्या ताब्यात आला आणि त्यानंतर भारताकडे येणाऱ्या गलबतांची संख्या पुष्कळ वाढली, हे तेथे उभे राहून सांगितले तर ती भेट धड्याचा भाग होते. वडोदऱ्यास जाणे शक्य नसेल त्यांनी कोल्हापूर, तेर किंवा जवळच्या संग्रहालयात जावे. एका भेटीत एकच वस्तू निवडून तिचे चित्र काढावे आणि तिच्याविषयी पाच प्रश्न लिहावेत.

घरी शिकणाऱ्या मुलाची मोठी अडचण म्हणजे वाद घालण्यास सोबती नसतो. गावातील ग्रंथालयाने महिन्यातून एक दिवस अशा मुलांची व शाळेत जाणाऱ्या मुलांची एकत्र बैठक घडवावी. ग्रॅकस बंधूंचा कायदा संमत करावा की नाही, यावर दोन बाजू करून मुलांना बोलू द्यावे, आणि पुढच्या बैठकीत बाजू बदलाव्यात. शिक्षकांनी महिन्यातून एक तास यासाठी दिल्यास मोठे काम होईल.

परीक्षेची चिंता बाळगण्याचे कारण नाही. राज्य मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षांस खाजगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरून बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचाही मार्ग खुला आहे. अर्जाच्या मुदती व पात्रतेच्या अटी यांची चौकशी वर्षारंभीच करावी.

ग्रामस्थांस विनंती

नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदाईत किंवा घराच्या पायात जुनी नाणी, मणी, मूर्ती मिळतात. पुष्कळदा ती सोनाराच्या मुशीत जातात आणि त्यांबरोबर इतिहासाचे एक पान कायमचे नष्ट होते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. क्षत्रप नहपानाच्या त्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. नहपानाच्या पराभवाचा इतका बोलका पुरावा, तो साठा वितळला असता तर, आपणास कधीच मिळाला नसता. निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये असा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवणे बंधनकारक आहे. शोधणाऱ्याच्या मोबदल्याचीही तरतूद त्यात आहे. वस्तू घासूनपुसून चकचकीत करू नये, जागा उकरू नये आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयास तत्काळ कळवावे.

रोमचा इतिहास घरी शिकलेला मुलगा किंवा मुलगी हे जाणत असेल, आणि शेतात सापडलेले नाणे हाती आल्यावर ‘हे किती तोळ्यांचे?’ असे न विचारता ‘हे येथे कसे आले?’ असे विचारील, तर त्या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.